जाफराबादच्या भट्टीवरचं मीठ कुणाचं?

आधी चूक दुरुस्त करते. सप्टेंबरच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, 'जाफराबादला रफिकभाईंच्या भट्टीवर चिकन खाल्लं. भाजलेलं सुरेख, पण मीठ इतकं की परतीच्या वाटेवर दोन बाटल्या पाणी संपवलं.' यातलं पाणी खरं आहे. मीठ रफिकभाईंचं नव्हतं. रफिकभाई मीठ घालतच नाहीत. मसालाही लावत नाहीत. लोक घरून मसाला लावलेलं चिकन डब्यात घेऊन येतात, रफिकभाई ते निखाऱ्यांवर भाजून देतात आणि किलोमागे भाजणावळ घेतात. दिवाळीआधी आपण मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई करून आणतो ना, तसंच.

मला हे माहीत नव्हतं. मी बाकावर जाऊन बसले, समोर ताट आलं, मी खाल्लं. जाफराबादला माझी आत्या राहते, तिनंच फोनवरून ऑर्डर दिली असणार असं मी धरून चालले. आत्यानं सकाळीच डबा पाठवला होता.

चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबांची नोकरी धरणांच्या कामांवर, दर वर्षी नवं गाव, त्यामुळे आई हीच माझी शाळा. तिचा नियम होता : चुकलेलं खोडायचं नाही, त्याखाली बरोबर काय ते लिहायचं, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. म्हणून सप्टेंबरची पोस्ट मी काढून टाकलेली नाही. तिच्याखाली कुणीतरी दिवाळीत एक ओळ टाकली : 'ताई, रफिकभाई मीठ घालत न्हाईत. डबा कोणाचा होता?' ती वाचली आणि माझा फराळ तिथेच संपला.

फोन करून विचारता आलं असतं. पण आत्याला फोन केला की आत्या बोलते आणि मी 'हो' म्हणते. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. अर्धं जाफराबाद तिच्या हाताखालून गेलंय आणि उरलेलं अर्धं तिला घाबरून असतं. तेव्हा नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी रात्री मी पुण्याहून निघाले आणि शनिवारी सकाळी जालन्याला उतरले.

जाणाऱ्यांसाठी : जालन्याहून जाफराबादला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट. पण एसटीची वाट बघण्याइतका धीर माझ्यात नव्हता, म्हणून जीप धरली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि 'भरली' म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार फक्त ड्रायव्हरला आहे. मला मधल्या सीटवर, एका बाईच्या आणि एका ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मधे जागा मिळाली. बॅटरीचा मालक मागे बसला होता आणि दर खड्ड्याला 'ताई, जरा धरा तिला' म्हणत होता. रस्ता राजूरपर्यंत चांगला, पुढे कुठे आहे आणि कुठे नाही. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि कापसानं फुगलेले टेम्पो समोरून असे यायचे की आमची जीप आदरानं खाली उतरायची.

मी कुणालाही काही विचारलेलं नव्हतं. शेजारच्या बाईनंच ड्रायव्हरला विचारलं, "उद्या पाव्हणे येऊन राह्यले. भट्टीवर द्यावं का योगेशकडं?"

"योगेशचा पिझ्झा कोणी पाव्हण्याला देतं का? पावावर टमाट्याची चटणी न् वरून रबर."

"पिझ्झा न्हाई हो. कोंबडी. त्याच्याकडं बी भाजून देतेत आता."

"मंग रफिकनं काय घोडं मारलं?"

"रफिकचं खारट ऱ्हातंय म्हणतेत. पुण्याच्या एका पोरीनं इंटरनेटवर टाकलंय. बाईंनी ग्रुपवर पाठवल्तं."

बॅटरीवाला मागून म्हणाला, "त्याच्या बोअरचं पाणीच खारं आहे."

"कोंबडी भाजायला पाणी लागतं का, मामा?"

"निखारे विझवतो ना तो पाण्यानं! वाफ लागती कोंबडीला."

"बिलकुल खोटं," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या घरचं तिथंच भाजतो, एक नंबर ऱ्हातं. आमच्या मंडळींच्या हाताला चव आहे."

"म्हंजी आमच्या न्हाई?" शेजारची बाई म्हणाली.

यानंतर टेंभुर्णीपर्यंत वाद चालला. कुणाची भट्टी चांगली याच्यावर सुरू झालेला वाद, पण मी ऐकत गेले तसं लक्षात आलं की प्रत्येक जण आपल्या घरच्या मसाल्याची बाजू लढवत होता आणि दुसऱ्याच्या घरच्या मसाल्याला नावं ठेवत होता. सगळं रफिकभाईंच्या नावावर. बिचारा भाजणारा. आणि ती 'पुण्याची पोरगी' बॅटरी धरून गप्प बसली होती. बोलायला हवं होतं. मी पाच वेळा तोंड उघडलं आणि पाचही वेळा खड्डा आला. खड्डे खरंच होते, पण फक्त खड्डेच कारण होते असं म्हणणार नाही.

भट्टी बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दुपारी चारला पेटते. शुक्रवारी नमाजामुळे थोडी उशिरा. कांदा-लिंबू आपलं आपण न्यायचं, भाकरीसुद्धा. तिथे पत्र्याखाली दोन बाकं, लोखंडी सळया आणि रांगेत ठेवलेले स्टीलचे डबे, प्रत्येकावर लग्नात कोरलेली नावं. मागच्या खेपेला मी या डब्यांचा फोटोही काढला होता. खाली लिहिलं होतं, 'किती व्यवस्थित मांडणी!' इतकं बघूनही मला कळलं नाही, याचा सगळ्यात जास्त राग येतो.

या वेळी डबे तीनच होते. शनिवारी संध्याकाळी तीन.

रफिकभाई पन्नाशीचे, उंच, आणि अजिबात गरीब स्वभावाचे नाहीत. मी नाव सांगितल्यावर त्यांनी सळई खाली ठेवली.

"तुम्ही का त्या? या, या. बसा. पाणी देऊ? आमचं पाणी खारं आहे म्हणतेत, चालंल ना?"

मी म्हटलं, माझी चूक झाली, मी जाहीर दुरुस्ती लिहिणार आहे.

"लिवा ना. बराबर लिवा. मीठ रफिकचं नव्हतं, असं मोठ्या अक्षरात लिवा."

"हो. आणि डबा माझ्या आत्याचा..."

"ते न्हाई लिवायचं."

"मग लोक विचारतील ना, कुणाचं?"

"विचारू द्या. बाईंनी मला पहिलीपास्न चौथीपर्यंत शिकवलं. माझ्या अब्बानं मला शाळेतून काढलं तर घरी येऊन बसल्या, चहा घेतला न्हाई, म्हणल्या पोरगं उद्या वर्गात दिसलं पाहिजे. त्यांच्या मिठाचं नाव मी गल्लीत घेऊ?"

"पण तुम्हाला माहीत होतं, खारट आहे ते?"

"ताई, डबा उघडला की वास येतो, हाताला लागतंय. दोन सालापास्न बाईंचं खारट येऊन राह्यलं. मी मसाला झटकून भाजतो. आणखी काय करू? धुऊ का?"

"मग त्यांना सांगायचं."

रफिकभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच "नाही, बरोबर आहे" म्हटलं.

मग ते म्हणाले ती गोष्ट मला परत येताना सगळ्या वाटेत टोचत राहिली. आत्याच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे. माझी पोस्ट आत्यानं तिथे मोठ्या कौतुकानं टाकली, 'माझ्या भाचीचं लिखाण', आणि खाली लिहिलं, 'रफिक, मिठाकडे लक्ष दे.' बाईंनी सांगितल्यावर कोण जाणार? लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, रविवारची गर्दी गेली. "डिसेंबर बघतो," ते म्हणाले. "मंग जागा योगेशला देऊन टाकतो, तो ओव्हन लावंल. मी जातो संभाजीनगरला, चुलतभावाच्या हॉटेलात तंदूरवर." आणि लगेच, चिडून, "पर बाईंचं नाव आलं तर आजच बंद करतो."

म्हणजे मी दुरुस्ती करायची, पूर्ण करायची, आणि अर्धी करायची. अशी दुरुस्ती आईनं वहीत चालवून घेतली नसती.

आत्याकडे पोचले तर ती परातीत चिकन घेऊन बसली होती. मी दारातच उभी राहून पाहिलं. तिनं चिकनवर मीठ आणि लिंबू चोळलं. मग फ्रिजमधून दह्याचं भांडं काढलं.

"आत्या, दह्यात काय आहे?"

"मीठ घालून ठेवते गं. आंबट होत नाही." असं म्हणून दही ओतलं. मग मसाला, आणि मसाल्यावर सवयीनं आणखी एक चिमूट.

"तू चाखून बघत नाहीस?"

"मला कुठं चालतं आता? बीपी निघाल्यापासून माझं सगळं अळणी. दोन वर्षं झाली. तुमच्यासाठी करते मी." आणि ती इतकी प्रसन्न हसली की मी परात धरून चिकन डब्यात भरायला लागले. दोन वर्षं ही बाई स्वतः न खाता सगळ्यांना खाऊ घालतेय, आणि सगळे 'छान झालंय' म्हणताहेत. बाईंच्या समोर कोण काय म्हणणार?

डबा योगेशच्या पिझ्झावर गेला. आम्हीही पाठोपाठ गेलो. दुकान नवं आहे, बसस्थानकाजवळ, काचेचं दार, आत लाल खुर्च्या. पिझ्झा साधाच आहे, पण गरम आणि ताजा. वर शेव मागितली तर मिळते आणि न मागितली तरी मिळते. फ्रिजवर कागद चिकटवला होता : 'कृपया घरचे पनीर आणू नये.'

योगेश जेमतेम पंचवीसचा. त्यानं आत्याला वाकून जयभीम केला, डबा घेतला आणि मला बाजूला गाठलं. "ताई, तुम्हीच का लिहिल्तं? माझं वाटोळं करून राह्यले लोकं. मी पिझ्झाचं दुकान टाकलं, लोकं कोंबड्या घेऊन येतेत. ओव्हनला वास लागला. शाकाहारी गिऱ्हाईक दारातून वापस जातंय. परवा एकजण वांगं घेऊन आल्ता, भरीत करायला!"

"मग नाही म्हणायचं."

"बाईंना?"

ओव्हनमधून चिकन आलं. आतून ओलं, बाहेरून फिकं, निखाऱ्याचा वास नाही, आणि मीठ तेवढंच. शेजारच्या टेबलावर आत्याचे दोन जुने विद्यार्थी बायकापोरांसह बसले होते. आत्यानं त्यांच्या ताटांत एकेक तुकडा वाढला.

"कसं आहे?"

"छान आहे, बाई." एकानं पाण्याचा जग जवळ ओढला.

दुसरा धीराचा निघाला. "जरासं खारं लागतंय का, बाई?"

आत्यानं चष्मा वर केला. "बघ! इथंही! म्हणजे रफिकचा दोष नाही." मला वाटलं, सुटलो. "या गावच्या पाण्यातच खारेपणा आहे. नगरपंचायतीला अर्ज द्यायला पाहिजे. योगेश, कागद आण."

योगेशनं माझ्याकडे पाहिलं, मी योगेशकडे, आणि त्यानं खरंच कागद आणला.

"आणि तुला, पोरी? तुला कसं लागलं?"

ही वेळ होती. मी म्हटलं, "छान झालंय, आत्या."

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. आत्यानं उरलेलं चिकन बांधून दिलं. राजूरला बस थांबली तिथे मी चहावाल्याकडून पाण्याची बाटली घेतली, मग आणखी एक.

पुण्यात परत येऊन आता दोन आठवडे झाले. काय राहिलं, असं विचाराल तर जिभेवर मीठ नाही राहिलं. राहिले ते शनिवारी संध्याकाळचे तीन डबे. आणि एक गोष्ट जी मला तिथे सुचली नाही, इथे स्वतःसाठी भाजी करताना सुचली. सगळं गाव आत्याचा मान राखतंय, आणि त्या मानानंच एक भट्टी विझत चाललीय. आत्याला यातलं काही माहीत नाही. आणि जी बाई एका पोराच्या शाळेसाठी त्याच्या घरी जाऊन चहा न घेता बसली, तिला हे कळलं तर ती मिठावरून रुसून बसेल असं मला तरी वाटत नाही. रुसली तरी माझ्यावर रुसेल. तेवढं मला पेलायला हवं. आम्ही सगळे तिला तिच्यापेक्षा लहान समजून वागतोय.

म्हणून ठरवलंय. ही पोस्ट तयार आहे, पण अजून माझ्याकडेच आहे. आधी मी ती आत्याला वाचून दाखवणार, पहिल्या ओळीपासून, 'छान झालंय' सकट. तिचं नाव मी यात कुठेही घातलेलं नाही. पण जाफराबादला नावाची गरजही नाही, हे रफिकभाईंना ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हा हे बाहेर जावं की नाही, ते रफिकभाईंनी नाही आणि मीही नाही, बाईंनी ठरवायचं. तिनं हो म्हटलं तर तिच्याच ओसरीवरून टाकेन. मग आम्ही दोघी भट्टीवर जाऊ. डबा मी भरून नेईन, आणि मीठ एकदाच घालेन.

सहा डिसेंबरला आत्या चैत्यभूमीला जाते, परतायला आठ तारीख होते, मग एक-दोन दिवस पाय दुखतात. डिसेंबर संपायच्या आत व्हायला हवं. जाण्याचं तिकीट काढलंय.

रविवार, चौदा डिसेंबरचं.