फीत कापण्यापूर्वी

आरोग्याला सीमा नसतात. दोन संस्कृती भेटतात तेव्हा दोन देशांच्या नाड्या एकाच लयीत चालू लागतात. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण ही दोन्ही वाक्यं मीच लिहिली आहेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांना कार्यक्रमासाठी प्रास्ताविक हवं होतं. गेल्या योगदिनाला मी त्यांना ‘योगाला सीमा नसतात’ असं लिहून दिलं होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं. या वेळी एकच शब्द बदलून देणं बरं दिसेना, म्हणून नाड्यांचं वाक्य वाढवलं.

कार्यक्रम दुहेरी होता : कोरियन संस्कृतीचा परिचय आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य सहकार्य. कोरियाच का, असं कुणी विचारलं नाही. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या मुली कोरियन मालिका बघतात आणि उरलेल्या निम्म्या मुलींच्या आया बघतात. शिवाय अध्यक्षांना कुठूनतरी कळलं होतं की तिकडच्या डॉक्टरांचं एक पथक मुंबईत येणार आहे आणि ते एक दिवस नाशिकला यायला तयार आहे. पथक काही आलं नाही. दिलगिरीचा निरोप आदल्या संध्याकाळी आला, पण तोवर फ्लेक्स लागले होते, आणि आमच्याकडे एकदा फ्लेक्स लागला की वस्तुस्थितीने त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं. पथकाच्या जागी सिन्नरकडच्या एका कारखान्यातले कोरियन इंजिनिअर आणि त्यांच्या पत्नी यांना बोलावलं. इंजिनिअरांचा स्टेजवर सत्कार, बाईंचं खाली किमचीचं, म्हणजे कोबीच्या कोरियन लोणच्याचं, प्रात्यक्षिक. तपासणीसाठी महापालिकेच्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टर मिळाली. ‘आरोग्य आणि संस्कृती, दोन्ही आलं,’ अध्यक्ष म्हणाले.

माझ्या बायकोला यातल्या कशातच रस नव्हता. तिला खालच्या मजल्यावरच्या काकूंना डॉक्टरसमोर बसवायचं होतं. काकूंना मधुमेह आहे. मुलगा एकलहऱ्याला वीज केंद्रात पाळीवर असतो, सून शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसभर काकू एकट्याच. मकरसंक्रांतीनंतर त्या लंगडायला लागल्या. मग एप्रिलच्या उन्हात पायमोजे घालायला लागल्या. मग त्यांच्या दारातून दिवसभर उदबत्त्यांचा वास यायला लागला, आणि त्या वासाखालून दुसरा एक वास. बायकोने विचारलं की, ‘भेगा पडल्यात गं,’ म्हणायच्या आणि विषय कैरीच्या लोणच्यावर न्यायच्या. डॉक्टरचं नाव काढलं की एकच सांगायच्या : ‘ह्यांचा आधी अंगठा नेला, मग घोट्यापासून नेला, मग गुडघ्यापासून. शेवटी माझ्याकडे हार घालायला फोटो तेवढा ठेवला.’

कार्यक्रमाला मात्र त्या आल्या. बायकोने त्यांना फक्त नाचाचं सांगितलं होतं.

मंगल कार्यालयात दोन टेबलं मांडली होती. एक तपासणीचं. त्यावर बीपीचं यंत्र, साखर तपासायची पेटी, आणि चारी बाजूंनी लाल फीत. कारण उद्घाटन प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि पाहुणे अजून द्वारका चौकात अडकले होते. फितीच्या आत डॉक्टर मुलगी मोबाइल बघत बसली होती. बाहेर लोक केसपेपर घेऊन उभे. मी अध्यक्षांना म्हटलं, ‘तपासणी तरी सुरू करू या का?’

‘आणि साहेब आल्यावर काय कापतील?’ अध्यक्ष म्हणाले.

दुसरं टेबल किमचीचं. त्याला फीत नव्हती. त्यामागे कोरियन बाई उभ्या होत्या : पांढरा शुभ्र एप्रन, केसांवर टोपी, हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पुढ्यात स्टीलची पातेली. कोबीच्या पानांना मीठ चोळणं चाललं होतं. तिखटाची लाल पेस्ट अजून हातमोज्यांना लागली नव्हती. लागली असती तर लोक पळाले असते, किंवा दुप्पट जमले असते. स्टेजवर मुलींचा कोरियन नाच सुरू झाला, भिंती हादरायला लागल्या, आणि त्या गोंगाटात केसपेपरवाल्यांची रांग हळूहळू सरकून किमचीच्या टेबलासमोर लागली. फ्लेक्सवर कोरियन डॉक्टर लिहिलं होतं. समोर कोरियन होती, एप्रन होता. लोकांचं काय चुकलं?

पहिल्या गृहस्थांनी जीभ बाहेर काढून दाखवली. बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातावर कोबीचं एक पान ठेवलं.

‘जेवणाआधी घ्यायचं की नंतर?’ त्यांनी विचारलं.

बाई हसल्या. ‘यस, यस.’

‘दोन्ही वेळा,’ मागच्याने अर्थ लावला. ‘चला पुढे सरका, बाकीच्यांनाही रोग आहेत.’

एका आजींनी गुडघा दाखवला, त्यांनाही पान मिळालं. ‘त्यांची जीभ आणि माझा गुडघा, औषध एकच?’ आजी कुरकुरल्या. ‘फॉरेनचं तसंच असतं,’ रांगेतून उत्तर आलं. हा सगळा प्रकार थांबवायला हवा असं मला वाटत होतं. तो इतका सुरळीत चालला होता की कुठून थांबवावा कळेना.

तेवढ्यात बायकोने माझी बाही ओढली. रांगेत काकू होत्या. बायको त्यांना फितीच्या टेबलाकडे न्यायला तासभर आर्जवं करत होती, तेव्हा त्या खुर्चीतून हलल्या नव्हत्या. आता नंबर आल्यावर त्या किमचीच्या टेबलासमोर स्टुलावर बसल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि पायमोजा काढला.

करंगळी काळी पडली होती. तिच्याखालून जखम तळव्याकडे गेली होती. वाईट दिसत होतं, आणि आता उदबत्ती नव्हती.

बाईंचं हसू गेलं. त्यांनी पाय बघितला, काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा पाय बघितला. मग हातमोजे काढून पातेल्यात टाकले, टेबलाला वळसा घालून आल्या, काकूंच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं. ‘नको गं बाई, नको नको,’ काकू म्हणत होत्या, पण चालत होत्या. बाई त्यांना घेऊन सरळ फितीकडे निघाल्या.

नाच संपून स्टेजवर सत्कार सुरू झाला होता. कोरियन इंजिनिअरांच्या खांद्यावर शाल घालता घालता अध्यक्षांना हे दिसलं, आणि ते माइकवरच ओरडले, ‘मॅडम! फीत! फीत!’

बाईंना फीत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ती पोटाने ढकलली. फीत ताणली गेली, एका बाजूचा स्टँड आडवा झाला, आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य तपासणी शिबिराचं उद्घाटन झालं.

डॉक्टर मुलीने मोबाइल उलटा ठेवला. वाकून पाय नीट बघितला. मग म्हणाली, ‘आजी, साखर किती असते?’

‘मोजत नाही.’

‘सोबत कोण आहे?’

‘मी,’ बायको म्हणाली.

‘आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या. मी फोन करते. घरी जायचं नाही.’

‘मुलींचा दुसरा नाच राहिलाय,’ काकू म्हणाल्या.

‘आजी, तुमचा पाय राहिलाय अजून. तो वाचवू या का?’

मी गाडी दारात आणली, तर अध्यक्ष धावत आले. ‘सर, साहेब सारडा सर्कलला पोहोचलेत! पाच मिनिटं थांबा. पेशंटसोबत एक फोटो झाला असता. आणि प्रास्ताविक कोण वाचणार?’

‘कागद डायसवर आहे,’ मी म्हटलं.

सिव्हिलच्या बाकावर आम्ही बसलो होतो. काकूंना सलाईन लागलं होतं, मुलगा पाळी सोडून निघाला होता. बायकोला राहवेना.

‘काकू, ती बाई डॉक्टर नव्हती. कोबीला मीठ लावत होती.’

‘ते मला दिसत नव्हतं होय? हाताला लसणाचा वास मारत होता तिच्या. असली कुठली डॉक्टरीण?’

‘मग तिला दाखवलात कशाला? मी इतके महिने जीव तोडून सांगतेय.’

काकूंनी मोकळ्या हाताने पदर सावरला. ‘कुणाला तरी एकदा दाखवायचा होता गं. तुला दाखवला असता तर तू रडली असतीस. सुनेला दाखवला तर ती लगेच मुलाला सांगणार. डॉक्टरला दाखवला तर तो विळा घेऊनच बसलेला. म्हटलं, हिला आपलं काही कळायचं नाही. बघेल, पान देईल, मी घरी जाईन.’ मग चिडून म्हणाल्या, ‘मेलीला नेमकं तेवढंच कळलं.’

तिकडे फीत धुळीत पडल्यामुळे दुसरी आणली आणि ती किमचीच्या टेबलाला बांधली. पाहुण्यांनी ती कापली. प्रास्ताविक अध्यक्षांनी स्वतः वाचलं आणि टाळ्या मिळाल्या. कोरियन पथकाने असंख्य रुग्णांना तपासून आहारविषयक सल्ला दिल्याची बातमी छापून आली. ती खोटी होती असं कुणाला म्हणता येणार नाही.

काकूंची करंगळी गेली, पाय राहिला. ऑपरेशन करणारे डॉक्टर मालेगावचे होते.