हरल्याचा अर्धा तास

सीझनच्या सुरुवातीला प्रॅक्टिस लांब आणि सीझन पुढे सरकेल तशी आखूड, हे फुटबॉलमधलं पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान आहे. सामने नसतात तेव्हा पायांत दम भरून घ्यायचा, सामने सुरू झाले की तो जपून वापरायचा. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. बाईंना ते पाठ होतं. लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर शेजारी उभ्या असलेल्या, फुटबॉलशी काडीचं देणंघेणं नसलेल्या बायकांनासुद्धा त्या ते समजावून सांगायच्या. "हे बघ, कपडा भिजायला वेळ द्यायचा, इस्त्री मात्र एकदाच फिरवायची. जास्त वेळ ठेवलीस की जळालाच." बायका मान डोलवायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण बाईंना बघून कुणी रचली नसेल, पण त्यांच्या मापाची होती.

बाई पंचेचाळिशीच्या. अंगाने काटक, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस आपल्यालाच हाक मारली म्हणून थांबायचा. उजवा गुडघा खेळून खेळून कामातून गेला तेव्हा त्यांनी शिट्टी गळ्यात घातली आणि क्लबमागे हात धुऊन लागून बायकांचा संघ उभा केला. संघ कसला, दिवसभर उभं राहून दमलेल्या बायकांचा मेळा. गोलमध्ये हॉस्पिटलातली नर्स, तिला सगळे भिंत म्हणायचे. बचावाला बस चालवणारी ड्रायव्हरीण. कडेने पळायला टपालवाली, कारण पळायची सवय तिला नोकरीनेच लावली होती. आणि मैदानाच्या मधोमध कप्तान म्हणून बाईंची धाकटी बहीण. ती बाईंच्याच घरी राहायची, दिवसा पडद्यांच्या दुकानात शिलाई करायची आणि संध्याकाळी बाईंच्या शिव्या खायची. सगळ्या तिला धाकटीच म्हणत, तिच्याहून लहान असलेल्यासुद्धा.

यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी क्लबच्या सेक्रेटरीने बाईंना ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता, आणि वाईट नसलेल्या माणसांकडूनच वाईट बातमी ऐकायला जास्त त्रास होतो. तो म्हणाला, "बाई, यंदा संघ खालच्या गटात घसरला तर कमिटी बायकांचा विभाग बंद करणार. मैदान मुलांच्या संघाला देणार. मी भांडलो, पण माझं एकट्याचं कोण ऐकतंय."

"घसरणार नाही," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी हे संघाला जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमत नव्हती. टपालवालीने बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा आवळल्या.

सुरुवात छान झाली. लांब लांब प्रॅक्टिस, दोन सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला. बाईंनी ठरल्याप्रमाणे वेळ कमी केला. आणि मग एका रविवारी चार गोल खाऊन संघ परत आला.

बाई स्वतः खेळायच्या तेव्हाचा त्यांचा कोच एक जुना खडूस म्हातारा होता. तो म्हणायचा, हरलेल्यांनी लवकर घरी जायचं नसतं. हरलं की दुसऱ्या दिवशी अर्धा तास जास्त. बाईंच्या डोक्यात ते इतकं मुरलं होतं की तो त्यांना नियम वाटतच नव्हता, भूक लागल्यावर जेवावं तसं वाटायचं. सोमवारी अर्धा तास वाढला. पुढचा सामनाही हरले, आणखी अर्धा तास वाढला. त्यानंतरचा जिंकले, तेव्हा वाढवलेला वेळ कमी करायला हवा होता, पण बाईंना वाटलं, जिंकलो ते त्या अर्ध्या तासामुळेच. आता तो काढायचा कसा? मग पुन्हा हरले. बाईंचा नवरा स्वभावाने थट्टेखोर. तो म्हणाला, "तुझी प्रॅक्टिस म्हणजे मारुतीचं शेपूट झालंय. एक दिवस त्या बायका अंथरूण घेऊनच मैदानावर येतील." बाईंनी त्याच्यासमोरचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्याचं जेवण अर्धंच झालं होतं.

सीझन जसजसा उतरणीला लागला तसतसे पाय जड होत गेले. पहिल्या अर्ध्या खेळात बरोबरी, शेवटच्या मिनिटांत गोल, हे दर आठवड्याचं झालं. एका संध्याकाळी भिंत बाकावर बसून दातांनी ग्लोव्हची पट्टी ओढत होती, आणि ओढता ओढता तशीच झोपी गेली. कुणी हसलं नाही. बाईंनी शिट्टी वाजवून तिला उठवलं.

त्या दिवशी घरी धाकटीने भांडण काढलं. ती भाजी चिरत होती, बाई कणीक मळत होत्या.

"ताई, कुणाचे पाय राहिले नाहीत."

"पाय कुठे जातात? सवय नाही तुम्हाला."

"सवय आहे म्हणून तर अजून उभ्या आहोत. सीझन सरत आला की प्रॅक्टिस आखूड करायची, असं तूच सांगतेस ना सगळ्या जगाला?"

"जग हरत नाहीये. आपण हरतोय."

धाकटीने सुरी खाली ठेवली. "तू घाबरलीयेस, ताई. घाबरलीस की तुला दुसरं काही सुचत नाही. आमचेच पाय दिसतात."

धाकट्या बहिणीने खरं बोलावं आणि मोठीने ते ऐकून घ्यावं, असं कुठल्याच घरात होत नाही. बाई तोंडाला येईल ते बोलल्या, अगदी तुमच्यात आता काही राहिलंच नाही इथपर्यंत. पण त्यांचा हात कणकेत थांबला होता. त्या खरोखरच घाबरल्या होत्या. संघ गेला तर त्यांच्याकडे राहणार काय, वाफ, चादरी आणि दुखरा गुडघा? लाँड्रीत दिवसभर हेच डोक्यात घोळायचं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्या म्हणाल्या, "आजपासून एकच तास. त्यावर एक मिनिट नाही. मग घरी जा आणि आराम करा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईंना वाटलं, आनंद झालाय.

इथेच घोळ झाला. बाईंची एक रीत होती, त्यांच्या स्वतःच्या कधी लक्षात न आलेली. ज्या मुलीवर त्यांची आशा असायची तिला त्या छळायच्या, थांबवून घ्यायच्या, पुन्हा पुन्हा पळवायच्या. जिच्यावरची आशा सुटली तिला मात्र मऊ आवाजात सांगायच्या, तू जा आज, आराम कर. मग ती मुलगी पुढच्या सामन्यात नसायची. इतकी वर्षं बाईंच्या हाताखाली काढलेल्या बायकांना या दोन शब्दांचा अर्थ पक्का ठाऊक होता. "आराम करा" हे सगळ्यांना मिळून सांगितलेलं त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

पुढचा सामना संघ हरला. त्याच्या पुढचा कसाबसा बरोबरीत सुटला, पण शेवटी शेवटी टपालवालीला चालवत नव्हतं, पळणं दूरच. बाईंना काही कळेना. प्रॅक्टिस अर्ध्याहून कमी केली, पाय हलके व्हायला हवे होते. म्हणजे आयुष्यभर पाठ केलेलं सगळं खोटं? त्यांनी आणखी कमी केलं, जेमतेम अर्धा तास. धाकटी दुकानात जास्तीचं काम आहे म्हणून प्रॅक्टिसनंतर रोज उशिरा घरी यायला लागली. आता एकच सामना उरला होता. त्यात निदान बरोबरी हवी, नाहीतर खेळ खलास. बाईंची झोप उडाली होती, भूक मेली होती. लाँड्रीत त्या एका डॉक्टरचा कोट इस्त्रीखाली विसरल्या आणि तो जळाला.

प्रॅक्टिसच्या पिवळ्या बंड्या धाकटीच्या पिशवीत असायच्या आणि आठवड्याच्या शेवटी बाई त्या लाँड्रीत नेऊन धुवायच्या. गेले काही आठवडे धुतल्यावरही बंड्यांवर काळे डाग राहत होते, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं; त्या आठवड्यात मात्र ते नजरेत भरले. बाईंनी पुन्हा साबण घातला, पुन्हा तेच. गवताचा डाग हिरवा असतो, मैदानाची माती तपकिरी. हे जळकं तेल होतं, आणि त्याच्याबरोबर शिवणीत अडकलेली बारीक काळी खडी. डाग ओळखण्यात बाईंचा जन्म गेला होता. असं तेल आणि अशी खडी एकाच ठिकाणी सापडते, बस डेपोच्या मागे.

संध्याकाळी अर्ध्या तासाची प्रॅक्टिस संपवून बाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि थोड्या वेळाने लंगडत डेपोच्या मागे गेल्या.

सगळ्या तिथे होत्या. ड्रायव्हरिणीने दोन जुन्या बसचे दिवे तिथल्या मोकळ्या जागेवर लावून घेतले होते. खडीवर टायर मांडून त्यातून बायका पळत होत्या, घसरत होत्या, उठत होत्या. धाकटी मधे उभी राहून ओरडत होती, आणि शब्द न् शब्द बाईंचा होता. "मेल्यासारख्या काय पळताय? हरलेल्यांनी लवकर घरी जायचं नसतं."

बाई दिव्यांसमोर गेल्या तशा सगळ्या थांबल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. शेवटी भिंत म्हणाली, "तुम्ही वेळ कमी केलात तेव्हापासून, बाई. रोज."

"अगं पण का? पायांना विश्रांती मिळावी म्हणून कमी केला ना मी?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही हात टेकले." भिंतीचा आवाज चिरकला. "आराम करा म्हणालात. आम्हाला वाटलं, आता आमच्यात काही उरलं नाही असं तुम्हाला दिसलंय. म्हटलं, शेवटच्या सामन्यापर्यंत दाखवून देऊ."

बाईंना हसावं की रडावं कळेना. ज्या पायांना त्या जपत होत्या, ते पाय इथे खडीवर रोज दुप्पट झिजत होते, आणि तेही त्यांनाच खूश करायला. "घरी जा," त्या म्हणाल्या. "हात जोडते, सगळ्या घरी जा."

"हा एवढा शेवटचा फेरा, ताई," धाकटी म्हणाली, आणि बाई काही बोलायच्या आत वळून पळाली.

चार पावलांवर ती थांबली. मागे वळून तिने विचारलं, "कुणी मारलं?" तिच्या मागे कुणीच नव्हतं. तिने पाऊल टाकलं आणि ती खाली बसली. भिंतीने धावत जाऊन तिची टाच चाचपली आणि बाईंकडे बघून नुसती मान हलवली. टाचेमागची शीर तुटली होती. हॉस्पिटलात नेताना गाडीत धाकटी एकदाही विव्हळली नाही. ती एकच विचारत होती, "रविवारी माझ्या जागी कोण?" बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रविवारपर्यंत त्यांनी प्रॅक्टिस पूर्ण बंद ठेवली. पण महिनोन् महिने झिजलेले पाय दोन दिवसांच्या विश्रांतीने भरून येत नाहीत.

तरी बायका जिवावर उदार होऊन खेळल्या. मध्यंतराला बरोबरी होती. धाकटी प्लॅस्टरचा पाय खुर्चीवर ठेवून कडेला बसली होती आणि ओठ चावत होती. शेवटच्या काही मिनिटांत समोरची मुलगी चेंडू घेऊन कडेने निघाली. टपालवाली तिच्या मागे पळाली, म्हणजे पळायला गेली. बाईंना लांबूनही दिसलं, मन पुढे गेलंय आणि पाय तिथेच आहेत. ड्रायव्हरीण वळली तोवर उशीर झाला होता. भिंतीने उडी घेतली. तीन महिन्यांपूर्वी तो चेंडू तिने सहज अडवला असता. आता तो तिच्या बोटांना लागून आत गेला. एवढ्यानेच संघ संपला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणीच कपडे बदलेना. खोलीला ओल आली होती, एक नळ गळत होता. सेक्रेटरी दारात येऊन उभा राहिला. त्याला खोलीला कुलूप लावायचं होतं, पण तोंडाने सांगवत नव्हतं. बायका बूट न काढता बाकांवर बसल्या होत्या आणि सगळ्या बाईंकडे बघत होत्या. हरल्यावर शिव्या मिळतात. त्या शिव्यांची वाट बघत त्या बसल्या होत्या.

"तुम्ही कमी पडला नाहीत," बाई म्हणाल्या. "मी कमी पडले. तुमच्यावर माझा जीव आहे, हे मला कधी धड सांगता आलं नाही. नुसती पळवत राहिले."

टपालवालीने खालमानेने विचारलं, "बाई, उद्या किती वाजता?"

उद्या काही नव्हतं. मैदान नव्हतं, संघ नव्हता. खोलीतल्या प्रत्येकीला ते माहीत होतं, विचारणारीलाही. नाही म्हटलं तर या इथून उठणार नाहीत, हे बाईंना दिसत होतं. त्यांनी दाराकडे बघितलं. सेक्रेटरीने मान खाली घातली.

"सहाला," बाई म्हणाल्या. "आता घरी जाऊन झोपा."

तेव्हा कुठे बायका एकेक करून उठल्या आणि बूट काढायला लागल्या.