मामींच्या नावाचा मुंगळा

माझ्या बायकोच्या मामांनी नागपूर शहर जितकं खाली वाकून पाहिलं, तितकं दुसऱ्या कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. सीताबर्डीचा किल्ला नेमका कुठल्या बाजूला, हे त्यांना चटकन सांगता येत नसे. पण किल्ल्याच्या पायथ्याशी कोणत्या कडुनिंबाच्या बुंध्यात मुंगळ्यांची वस्ती आहे आणि तिथल्या राणीची तब्येत सध्या कशी आहे, हे ते झोपेतही सांगत. पेशानं शाळामास्तर. मुलांना जीवशास्त्र शिकवत, म्हणजे पुस्तकातला बेडूक आणि जास्वंद घाईघाईनं उरकून उरलेलं वर्ष मुंगळ्यांना देत. चालत्या सायकलवरून मध्येच उतरत, सायकल तशीच सोडून देत आणि भर रस्त्यात ओणवे होत. सायकल बिचारी आपटायची. त्यांच्या महाल भागातले लोक आधी चौकशी करत, "काय हरवलं गुरुजी?" पुढे पुढे तेच लोक नव्या माणसाला समजावू लागले, "हरवलं नाही काही. गुरुजी मुंगळा पाहून राहिले."

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा नव्या जावयाचा सगळा मान मला मिळाला, फक्त तो मिळेपर्यंत दुपार टळली. पाटाभोवती रांगोळी होती, पुरणपोळीवर तूप ओघळत होतं, आणि मी पहिला घास उचलणार एवढ्यात मामा ओरडले, "जावईबापू, हलू नका!" माझ्या ताटाच्या कडेनं एक मुंगळा निघाला होता. मामांनी खिशातलं भिंग माझ्या तुपकट हातात कोंबलं. "कंबर पाहा, कंबर! एकच गाठ. आता पाठ पाहा, कशी कमानीसारखी, मधे कुठं खळगा नाही. ही सुतारांची जात, जावईबापू. लाकूड कोरून घर करतेत, पण लाकडाचा घास खात नाहीत." मीही खात नव्हतो. शेवटी मामी आतून कडाडल्या, "अवो, जेवू द्या ना त्यायले! मुंगळ्याची कंबर पाहून पोट भरते काय?"

एकाच वस्तीत काही मुंगळे मोठ्या डोक्याचे आणि काही लहान डोक्याचे असतात; सगळे एकाच आईची लेकरं, पण दिसायला इतके वेगळे की भल्याभल्या पंडितांनी त्यांना दोन जाती समजून दोन नावं देऊन टाकली. हा मामांचा लाडका किस्सा. पण ही विभागणी ते माणसांनाही लावत, तीही मोठ्यानं. कामठीच्या एका लग्नात त्यांनी वराकडची सगळी मंडळी मोठ्या डोक्यांत घातली आणि ते वराच्या चुलत्यांना ऐकू गेलं. ते प्रकरण मिटतं न मिटतं तोच मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुंडावळ्यांवरून एक मुंगळा नवरदेवाच्या कपाळावर उतरला. मामा काड्यापेटी घेऊन थेट अंतरपाटाशी. "भटजी, जरा थांबा. नवरदेव, श्वास रोखून धरा जी." मुहूर्त टळू नये म्हणून भटजींनी मंगलाष्टकं चालूच ठेवली, नवरदेव निळा पडू लागला, आणि 'सावधान'च्या घोषात मामांनी काड्यापेटी मिटली. त्या लग्नात सर्वांत समाधानी चेहरा मामांचाच होता.

सत्तरच्या दशकात एका दिवाळीच्या सुट्टीत मामा-मामी अंदमानला जाऊन आले. मामींचे धाकटे भाऊ तिथं ओव्हरसियर होते. मामींना समुद्र पाहायचा होता, तो त्यांनी एकटीनं पाहिला. मामांची समुद्राकडे कायम पाठ होती, कारण झाडं त्या बाजूला होती. येताना लोक शंख-शिंपले आणतात, मामांनी पडौक नावाच्या तिथल्या झाडाचा, मुंगळ्यांनी भरलेला ओंडका आणला. बोटीतून आणि आगगाडीतून, मांडीवर, मुलगा आणावा तसा. बेटावरच्या जिवांना नागपूरची थंडी बाधेल म्हणून तो ओंडका स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवला गेला. मामी काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

संक्रांतीच्या सुमारास मामा भर दुपारी धापा टाकत माझ्या ऑफिसात आले. "सोनेरी लव आहे! पोटावर, पायावर, सगळीकडे. कोणत्याच ज्ञात जातीले अशी लव नाही. नवी जात आहे, जावईबापू!" आता नव्या जातीला नाव शोधणाऱ्यानं द्यायचं, पण स्वतःचं द्यायचं नाही, असा त्या शास्त्रात रिवाज आहे. मामांनी मान खाली घातली आणि नव्या नवरदेवासारखे लाजून म्हणाले, "हिचं देतो म्हणतो. जन्मभर माझे मुंगळे सहन केले तिनं. जगात कुठंही पुस्तक उघडलं तर तिचं नाव निघालं पाहिजे."

मामींनी तोंडानं "माणसाइले नावं ठेवून झाली, आता मुंगळ्याइले ठेवा" असं म्हटलं खरं, पण त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात आलेल्या प्रत्येक बाईला तिळगुळासोबत ती बातमी मिळाली. कपाट घ्यावं, दागिना घ्यावा असं त्यांनी कधी मागितलं नव्हतं. हे मात्र त्यांना हवं होतं, अगदी मनापासून. आरशापुढे कुंकू लावताना त्या हल्ली हसतात, असं माझी बायको मला सांगत होती.

फाल्गुनात कुठल्याशा परिषदेसाठी कलकत्त्याचे एक वृद्ध कीटकशास्त्रज्ञ नागपुरात आले. मामांनी त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. मामींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, संत्र्याची बर्फी केली, आणि जावई म्हणून साक्षीला मला बोलावलं. स्पिरिटमध्ये लव झडेल या भीतीनं मामांनी मुंगळे कोरडेच पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले होते. पाहुण्यांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग थोडं स्पिरिट मागून एक मुंगळा बशीत बुडवला. स्पिरिट पिवळंधमक झालं. मुंगळा काळाकुळकुळीत झाला. पाहुण्यांनी बशी नाकाशी नेली आणि अत्यंत हळुवारपणे म्हणाले, "मास्टरजी, ये तो हल्दी है."

मग दारातून मामींचा बारीक आवाज आला, "मीच टाकत होती जी. गुळाच्या डब्याकडे जाऊ नये म्हणून ओंडक्याभोवती रोज हळदीची रेघ ओढून राहिली होती." मुंगळे ती रेघ तुडवत बिनदिक्कत ये-जा करत होते आणि प्रत्येक फेरीला अधिकाधिक सोनेरी होत होते. बरं, आतला काळा तरी अंदमानचा असावा! तोही नव्हता. बेटावरची मंडळी थंडीत केव्हाच संपली होती, आणि त्यांचं तयार घर पाहून महालातले मुंगळे भाडं न देता राहायला आले होते. सोन्याच्या झळाळीपुढे मामांना स्वतःच्या गल्लीतले शेजारी ओळखू आले नव्हते. पाहुण्यांनी बर्फी मात्र दोनदा मागून खाल्ली.

त्यानंतर मामा ताठ मानेनं चालू लागले. हे फार वाईट लक्षण होतं. खाली पाहायची सवय गेली आणि समोर पाहायची कधी नव्हतीच, त्यामुळे ते हातगाड्यांवर आदळू लागले. एका रविवारी मी गेलो, तर दोघं ओसरीवर बसले होते. मामी तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मामा नुसतेच बसले होते. मला पाहून म्हणाले, "मुंगळ्याचं काही नाही, जावईबापू. दुसरा सापडन. पण हिले कबूल केलं होतं. हिचं नाव राहून गेलं."

मामींनी शेंगा खाली ठेवल्या. "एक विचारू काय? जगाच्या पुस्तकात माझं नाव लिहून राहिले होते. घरात किती वर्षं झाली? 'अवं', 'ऐकलं काय', 'कुठं गेली'. एकदा तरी नावानं हाक मारली काय तुम्ही मले?"

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या काळी आमच्याकडे कोणी बायकोला नावानं हाक मारत नसे. मीही मारत नव्हतो. मामा उठले, अंगणात गेले, आमच्याकडे पाठ केली, घसा खाकरला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या घरातले दोघं-तिघं बाहेर आले. "वत्सलाऽऽऽ!"

"ओ," मामी म्हणाल्या. एवढंच. पण ते म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आणि का कोण जाणे, माझेही.

मग मामांना त्याची चटकच लागली. वत्सला, भिंग कुठं आहे. वत्सला, इकडे ये, हा पाहा मोठ्या डोक्याचा. वत्सला, काही नाही, असंच. आळीतल्या पोरासोरांना ते नाव पाठ झालं.

मामा जाऊन आता बराच काळ लोटला. मी अधूनमधून मुद्दाम त्या गल्लीत जातो. मामी थकल्या आहेत, पण चहा स्वतः करतात. परवा कप हातात देताना म्हणाल्या, "सारं ठीक आहे, जावईबापू. लेक आई म्हणते, तुम्ही मामी म्हणता, नातवंडं आजी म्हणतेत. वत्सला म्हणणारं मात्र आता कोणी नाही राहिलं." मला ते नाव घेऊन पाहावंसं वाटलं. पण जावयानं ते कसं घ्यावं? मी चहाचा घोट घेतला.