विहिरीसाठी हरकत
मुलांनो, तुमच्या बागेतून रस्ता जायचा आहे, हरकत घेऊन काही होतं का, असं विचारलंत, म्हणून हे लिहिते. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत मेहरूणच्या तळ्याकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यासाठी आमच्या आळीची विहीर बुजवणार होते. मला इंग्रजी येई, म्हणून सगळ्या बायकांची हरकत मीच गोऱ्या कलेक्टरसाहेबांपुढे वाचली. खोलीत वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा वास होता. साहेब म्हणाले, “इंग्रजी छान आहे तुमचं. रस्ता मात्र तिथूनच जाईल.” बाहेर थांबलेल्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “काय म्हने सायेब, माय?” मी सांगितलं. “मंग आज तरी पानी भरी लिऊत,” ती म्हणाली. मला रडू आलं नाही. तिच्या मागोमाग मीही घागर भरून आणली. आता तिथं रस्ता आहे. विहिरीजवळची गुरांना पाणी पाजायची दगडी डोण तेवढी कडेला उरली आहे.