साठ फुटी माशाचा पुढचा दात

चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या कवळ्या करत होता, म्हणून सगळे त्याला कवळीकाका म्हणायचे. धंदा मोठा कृतघ्न. शिंप्यानं शिवलेला सदरा लोक मिरवतात, सोनाराचं कानातलं केस मागे सारून दाखवतात. पण कवळी चांगली जमली की गिऱ्हाईक रस्त्यात ओळखसुद्धा देत नाही. न जाणो, बरोबरच्याला शंका यायची! काकांच्या हातचे दात अर्ध्या गावात जेवत होते आणि कबूल करायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्याचं कशाला, खुद्द काकूंची वरची कवळी काकांनीच केलेली, पण तीस वर्षांत त्यांनी सख्ख्या बहिणीलाही तिचा पत्ता लागू दिला नव्हता.

दुकान बंद केल्यावर काका घरी बसून काकूंच्या भाजी चिरण्यात चुका काढायला लागले. काकूंनी आठ दिवस सोसलं आणि त्यांना वस्तुसंग्रहालयात पिटाळलं. तिथल्या कोठीत शार्क माशांच्या दगड झालेल्या दातांचे अकरा खोके पडून होते. ते निवडायला म्हणे माणूस मिळत नव्हता. म्हणजे फुकट मिळत नव्हता.

काका फुकट होते. दात हातात आला की ते आधी कडेवरून अंगठा फिरवायचे. गुळगुळीत लागली तर माको शार्क. करवतीसारखी भरड लागली तर पांढरा शार्क. करवत अगदी बारीक आणि दात तळहाताएवढा असला, तर मेगालोडॉन, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी संपलेला तो राक्षस. मग जागा शोधायची. सपाट बाजू ओठाकडची, फुगीर जिभेकडची. रुंद तो वरचा, अरुंद तो खालचा. सरळ उभा तो पुढचा, आणि झुकत, बुटका होत गेलेला जबड्याच्या कोपऱ्याकडचा. तीन वर्षांत अकरा खोके जागच्या जागी लागले.

संचालकांना दातांतलं काही कळत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं काही अडतही नव्हतं. सगळ्यांत मोठा दात खोक्यांत नव्हता, संचालकांच्या कपाटात होता, आणि त्याच्यावरून माशाची लांबी काढायची होती. बाजूचे दात पुढच्यापेक्षा लहान असतात. तेव्हा एवढा दात बाजूचा असेल तर मासा साठ फुटी, पुढचा असेल तर बेचाळीस. संचालकांनी तो बाजूचा ठरवला, दालनाच्या भिंतीवर साठ फुटी मासा रंगवून घेतला, मावेना तशी शेपूट वळवून स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत नेली, आणि मग दात काकांकडे तपासायला पाठवला. आहे की नाही पद्धतशीर कारभार?

काकांनी अंगठा फिरवला. दात सरळ, दोन्ही कडा सारख्या. वरचा, अगदी पुढचा, शंकाच नको. मासा जागच्या जागी अठरा फूट आखडला.

तातडीनं समितीची बैठक भरली. शेपूट पुसायला किती दिवस लागतील, असं एकानं विचारलं. दात जरा तिरका करून ठेवता येणार नाही का, असं दुसऱ्यानं सुचवलं. शेवटी संचालकांनी टेबलाखालून पितळी पाटी काढली. तिच्यावर तळाशी कोरलं होतं, ‘दाताची ओळख पटवणारे’, आणि पुढे काकांचं खरंखुरं पूर्ण नाव, जे ते स्वतः फक्त विजेच्या बिलावर वाचायचे. जन्मात पहिल्यांदा कुठल्याशा दाताखाली त्यांचं नाव लागत होतं.

“नुसतं बाजूचा म्हणा हो, काका. कोण बघतंय?” संचालक हसून म्हणाले. हसताना काकांनीच केलेले दात छान चमकले.

काकांनी पाटीवरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “साहेब, पुढचा दात मागे बसवला तर गिऱ्हाईक जेवत नाही. माझं नाव काढा.”

सरकारी काम इतक्या झटपट कधी झालं नसेल. दुसऱ्या दिवशी तिथे संचालकांचं नाव होतं.

पाटीवर नाव लागणार हे काकूंच्या कानावर बाहेरून आलं होतं; ते काढल्याचं काकांनी घरी सांगितलंच नाही, धीरच झाला नाही. उद्घाटनाला काकू ठेवणीतले कपडे घालून बहिणीला मिरवत घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी पाटी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली.

“मग भाऊजींनी इथे केलं तरी काय?” बहिणीनं विचारलं.

काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. समोर संचालक साठ फुटांवर भाषण ठोकत होते. काकूंनी रुमाल तोंडाला लावला. काकांना वाटलं, झालं, आता ही चारचौघांत रडणार.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी वरची कवळी काढली आणि तळहातावर ठेवून बहिणीच्या नाकासमोर धरली.

“हे यांनी केलंय,” त्या बोळक्या तोंडानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “तीस वर्षं झाली. एक दात जागचा हललेला नाही.”

दालनात सगळ्यांच्या माना वळल्या. आणि संचालकांनी भाषण अर्ध्यावर टाकून तोंड घट्ट मिटून घेतलं.