मांडीचा घेर

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांत माझी डावी मांडी उजवीची धाकटी बहीण दिसू लागली. मेडिकल बोर्डानं मला खालच्या श्रेणीत टाकलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. तेव्हाही दोन्ही मांड्यांच्या घेरात फरक दिसला, तर पलटणीचं नेतृत्व विसरायचं आणि उरलेली नोकरी फायली चाळत काढायची. वीस वर्षं मी त्या एका खुर्चीची वाट पाहिली होती.

मग कुणीतरी शहरातल्या सेक्टर सतरामधली एक व्यायामाची जागा सांगितली. तिथं पाण्यानं भिजवलेला, तारा जोडलेला पोशाख अंगावर आवळून बांधतात आणि मशीन सुरू करतात. करंट आला की स्नायू आपोआप आवळतो. वीस मिनिटांचं काम. ट्रेनर पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर जी, करंट आए तो आप भी ज़ोर लगाना. मशीन अकेली कुछ नहीं करती." मी कसला ऐकतोय! दुखलं म्हणजे काम झालं, हे फौजेनं माझ्या हाडात मुरवलेलं. दात आवळून मी एवढंच म्हणायचो, "और बढ़ाओ."

माझ्यासोबत लग्न ठरलेली एक मुलगी यायची आणि पोट सुटलेले एक दुकानदार यायचे. महिन्याभरात दोघंही यायची बंद झाली. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना सोडून देता येत होतं.

मशीन चालू असलं की मांडी उड्या मारायची. बंद झालं की तिथल्या जिन्यावर मी तिला कितीही सांगितलं तरी ती ढिम्म. माझाच पाय माझा हुकूम मानत नव्हता. त्या जिन्यात कठडा धरून मी कितीदा रडकुंडीला आलो, ते घरी कधी सांगितलं नाही.

दर रविवारी बायको शिवणाच्या टेपनं घेर मोजायची, गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर. पहिल्या रविवारी दीड इंचाचा फरक निघाला. मी ताट सारलं आणि दिवसभर कुणाशी बोललो नाही. छावणीतल्या हिंदीत वाढलेली लेक दारात येऊन म्हणाली, "पापा, खाना तो खा लो." मी तिच्यावरही खेकसलो.

पुढच्या रविवारी फरक थोडा घटला. नंतर आणखी थोडा. मोजताना मी डोळे घट्ट मिटून बसायचो आणि आकडा ऐकला की पोरासारखा खूष व्हायचो. सोमवारी सगळ्यांच्या आधी सेक्टर सतरात हजर. शेवटच्या रविवारी फरक जेमतेम पाव इंच राहिला होता.

बोर्डाच्या डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांवर पेनानं खूण केली, टेप लावली. फरक सव्वा इंच. मी म्हणालो, पुन्हा मोजा. त्यांनी पुन्हा मोजलं. सव्वा इंचच.

घरी येऊन मी टेप बायकोपुढं टाकली. बोर्डाचा आकडा सांगितला.

"अहो, त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत," ती म्हणाली. "मग मी डावीकडं टेप जरा वर, जाड भागावर धरली. पुढच्या वेळी आणखी जरा वर."

"पलटणीत असा खोटा रिपोर्ट कुणी दिला असता ना, तर मी त्याला..."

"मी तुमच्या पलटणीत नाही."

मी फार वाईट बोललो. ते इथं लिहिणार नाही. पण तीन महिने तो जिना मी कशाच्या जोरावर चढलो, हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर राग आवरत नव्हता.

पलटण माझ्याहून ज्युनियर असलेल्या एकाला मिळाली. त्यानंतरच्या रविवारी मीच दोन्ही मांड्यांवर पेनानं खुणा केल्या, टेप तिच्या हातात दिली आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. तिनं खुणेवर टेप धरली. आकडा वाचला.

"सव्वा इंच."

तिनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. ताट मी सारलं नाही. मी दोन्ही पोळ्या संपवल्या.