ठिगळ पक्के होते

चाकातली हवा सुटल्याचा फुस्स आवाज कानी आला, की ती घटना आजही आठवते आणि मान आपोआप खाली जाते.

बेचाळीसनंतरचा तो काळ. कुंडलच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. भूमिगत पोरांना पकडण्यासाठी खात्याने मला मोटारसायकल दिली होती. माझा रुबाब काय विचारता! पण छाप्याला निघालो, की वाटेतच मागचे चाक बसायचे. गाडी ढकलत गावात पोचेपर्यंत पाखरे उडालेली असायची. वरिष्ठांच्या शिव्या मात्र न चुकता माझ्या वाट्याला यायच्या.

एके दिवशी खबऱ्याने कानाला लागून सांगितले, "सायकल दुकानवाला मुद्दाम कच्चं पंक्चर काढतुय, सायेब. त्यो त्या पोरांतलाच हाय." पंचक्रोशीत पंक्चर काढणारा तो एकटाच. मी त्याला दुकानातून उचलून आणले. खबरीची खातरजमा केली नाही.

चौकशीत त्याचे एकच म्हणणे होते. "आवं सायेब, माजी ठिगळं पक्की हायती. टायर उघडून बगा की!"

मी टायरला हात लावला नाही, रूळ हातात घेतला. त्याच्या उजव्या हाताची बोटे सुजून काळीनिळी झाली, तरी तो कबूल होईना. शेवटी त्याला बिनचौकशी तुरुंगात डांबण्याचा हुकूम आणायला मी साताऱ्याला निघालो. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिच्याकडे न बघता मी गाडीला किक मारली.

वाटेत चाक बसले. पंक्चर काढणारा कोठडीत, मग काढणार कोण? त्याच्याच दुकानातून उचललेले पंक्चरचे सामान आणि पंप बरोबर घेतला होता. ओढ्याकाठी मीच चाक सोडले. ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे आले ती जागा पुसून घासली, सोल्युशन लावले आणि ठिगळ दाबून धरले. तेव्हा कुठे ती ट्यूब मी नीट पाहिली. त्याचे एकही ठिगळ सुटले नव्हते. सगळी भोके कडेला होती, तिथे रस्त्यावरचा खिळा पोचूच शकत नाही. टायरच्या बगलेतही तशीच बारीक भोके होती. आणि आजचे भोक तर तो कोठडीत असताना पडलेले. म्हणजे टोचणारा ठाण्यातच होता.

मी तिथूनच गाडी माघारी वळवली. मुद्देमालाची गाठोडी शिवायला ठाण्यात एक दाभण असे, आणि ती हवालदाराकडे असे. पलटणीतून आलेला, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. दाभण मागून घेतली आणि टायरच्या भोकात घालून पाहिली. ती अलगद बसली.

मी तोंड उघडण्याआधीच हवालदाराने कमरेचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. "ती पोरं आपलीच हायती, सायेब. तुमास्नी अडवायची ताकद न्हवती, म्हून उशीर करत हुतो."

"आणि हा मार खात होता तेव्हा?"

"तवा जीभ रेटली न्हाई. लय लाज वाटती. आज तुमी हुकूम आनाया निघालासा, म्हून फिरून टोचलं. घावनार, हे ठाव हुतं."

कोठडी उघडली. हवालदार त्या तरण्या दुकानवाल्याच्या पाया पडला. मी पडलो नाही, अंगावर वर्दी होती ना! हवालदारावर रीतसर गुन्हा दाखल केला. तो तुरुंगात गेला आणि तपास लावल्याबद्दल मला बक्षीस मिळाले. ते घेताना मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण हात पुढे केलाच.

खबर आली की आधी वस्तू तपासावी, माणसाला मग हात लावावा, हे पुढे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत आलो. हे शहाणपण कुठून आले, ते मात्र कुणाला सांगितले नाही.

काही महिन्यांनी चाक पुन्हा बसले, या वेळी खऱ्या खिळ्याने. त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून गाडी ढकलत निघालो होतो. तो डाव्या हाताने पंप मारत होता. त्याने हाक मारली, "आवं सायेब, आना की हिकडं. पर माजी बोटं आता वळत न्हाईत. टायर तुमी उघडा."

भर बाजारात, वर्दीनिशी, मी त्याच्या पायाशी बसलो. टायर उघडायला फारसा वेळ लागला नाही.